ठकीचे दहा डोस

ठकीच्या तोंडाला फेस आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की लक्षात आहे, कारण सातला नानांची रक्तदाबाची गोळी असते आणि त्या दिवशी ती द्यायचीच राहिली. फेस म्हणजे साधी लाळ नव्हे. साबणाच्या पाण्याने चूळ भरावी तसा पांढराशुभ्र फेस, हनुवटीवरून तिच्या छातीवर, तिथून माझ्या साडीवर, आणि जिथे जिथे तिने मान झटकली तिथे तिथे भिंतीवर. माझ्या हातात रिकामी सिरिंज, सासूबाईंच्या हातात रिकामा टॉवेल. मांजर दोघींच्याही हातात नव्हती.

"विषबाधा आहे ही," सासूबाई म्हणाल्या. "लाव फोन."

डॉक्टर कुणाच्या तरी गोठ्यात असावेत, मागून रेडकू ओरडत होतं. "फेस ना? भरपूर? म्हणजे औषध जिभेला लागलं, ताई. कडू आहे ते. पाच मिनिटांत थांबेल, घाबरू नका." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पोटात किती गेलं?"

मी भिंतीकडे पाहिलं. "थोडं," म्हटलं.

हा पहिला डोस. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, असे दहा सांगितले होते.

ठकी आमच्याकडे पुरातून आली. 2019 च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि गावभागातली कितीतरी माणसं मिळेल त्या नातेवाइकाकडे येऊन राहिली. विश्रामबागेतल्या आमच्या तीन खोल्यांत तेव्हा अकरा जण झोपत होते. सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या मावशी, येताना देव घेऊन आल्या, दागिन्यांचा डबा घेऊन आल्या, आणि भाजीच्या पिशवीत एक पिल्लू. पिशवीचे बंद घट्ट बांधलेले, मधून फक्त एक कान बाहेर. पाणी ओसरल्यावर मावशी चिखल उपसायला परत गेल्या. देव गेले, डबा गेला, ठकी राहिली. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं म्हणतात. तिचं घर कोणतं हे आम्ही ठरवायच्या आत तिने ठरवून टाकलं होतं, सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या मागे, पायट्याशेजारी. आजही काही बिनसलं की ती तिथेच जाते.

तर यंदा श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी तिचं पोट बिघडलं. दिवसभरात पाच वेळा वाळूच्या ट्रेत, दोनदा उलटी, त्यातली एक नानांच्या चपलेत. सोमवारी सकाळी पातळ शीमध्ये रक्ताची बारीक रेघ दिसली.

पोट बिघडणं ही आमच्या घराची खासियत आहे. म्हणजे बिघडतं कमी, पण त्यावरचं ज्ञान भरपूर. नाना म्हणाले, "लंघनं परमौषधम्. दोन दिवस काही देऊ नका, आपोआप ताळ्यावर येईल." सासूबाईंनी तोवर सहाण काढून जायफळ हातात घेतलंही होतं. बाळगुटीत त्यांचा हात बसलेला. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, सगळं त्या वळशांत मोजतात. हिरवी शी असेल तर मुरुडशेंगेचे दोन वळसे, झोप येत नसेल तर जायफळाचा एक. माझ्या मुलाला त्यांनी हेच उगाळून चांदीच्या बोंडल्याने पाजलेलं आहे. नवरा सोमवार ते शुक्रवार पुण्यात असतो, पण तोही फोनवर होताच. "कान गरम लागतायत म्हणतेस ना? अर्धी क्रोसिन दे."

यातलं एकही केलं नाही, ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मला फक्त भीती वाटली. तीन किलोच्या प्राण्यात चूक करायला जागा किती असणार, एवढंच मनात आलं आणि मी भाजीची पिशवी शोधायला लागले.

दवाखान्यात आमच्या पुढे एक शेळी होती आणि तिच्यापुढे एक पाय सुजलेलं वासरू. डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेले; त्यांचे निम्मे दिवस गोठ्यांत जातात, आणि म्हशीला बांबूच्या नळीतून काढा पाजणाऱ्या हाताने ते मांजर कसं धरणार याची मला धास्ती होती. त्यांनी ठकीला पिशवीतून बाहेर ओढलंच नाही. पिशवीच टेबलावर आडवी ठेवली, बाजूने उघडली, आणि ती आतच बसलेली असताना तिचा वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबली. पांढरी पडलेली जागा परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघत होते. मग मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली. एरवी ती चटकन खाली बसते. तेव्हा ती जरा वेळ तंबूसारखी उभीच राहिली. "अंगातलं पाणी कमी झालंय," ते म्हणाले. आणि मग, मला कळेना कशासाठी, त्यांनी तिचं तोंड उघडून जिभेच्या खाली पाहिलं.

"दोरा," ते म्हणाले. "गजऱ्याचा, राखीचा, शिलाईचा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर आला की तिला थुंकता येत नाही, गिळतच जावा लागतो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि आतडं नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होत जातं." मला घरचं शिलाई मशीन डोळ्यांपुढे आलं. "दिसलाच कधी तोंडातून किंवा मागून, तर ओढायचा नाही. तसंच घेऊन यायचं."

दोरा नव्हता. ताप 102 भरला. मी घाबरले, तर म्हणाले, मांजराला हा ताप नव्हेच, तिचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, शंभर-साडेशंभर ते एकशे अडीच हे तिचं नेहमीचं. मी क्रोसिनचं विचारलं. पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिलीत?"

"नाही."

"मग बरं." आपण ताप-अंगदुखीला गोळी घेतो ते पॅरासिटामॉल आपलं यकृत ज्या रस्त्याने मुख्यतः निकामी करून बाहेर टाकतं, तो रस्ता मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. औषध अंगात विष होऊन बसतं, रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो, हिरड्या चॉकलेटसारख्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पाचशेच्या गोळीतली अर्धी गोळी ठकीएवढ्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. त्यांच्याकडे अशी मांजरं येतात, आणि दर वेळी आणणारं माणूस प्रेमळ असतं, असं ते म्हणाले. जायफळालाही त्यांनी नको म्हटलं. लंघनाचं ऐकून तर मान जोरात हलली. उलटी थांबेपर्यंत काही तास पोटाला विसावा ठीक, पण मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात येऊन साचते आणि मूळ दुखणं राहतं बाजूलाच. जाड मांजराला हे अधिक. श्रावणातल्या सोमवारी, खिचडी खाऊन आलेल्या मला, उपास हे कुणासाठी तरी आजाराचं कारण असू शकतं हे पचायला वेळ लागला.

"दूध देता का?" त्यांनी विचारलं.

इथे सांगायला हवं की सासूबाई बरोबर आल्या होत्या, आणि त्या खिडकीबाहेरच्या शेळीकडे बघायला लागल्या.

दूध म्हणजे मांजर, हे आपल्याकडे अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पक्कं असतं. पण पिल्लू आईला सोडतं तसं त्याच्या पोटातलं दुधातली साखर पचवणारं द्रव्यही कमी होत जातं. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध आवडतं फार आणि पचतं बेताचंच. काहींना थोडं चालून जातं. ठकीला दुपारी साय मिळत होती हे मला माहीत होतं. आदल्या शनिवारी कुणीतरी नरसोबाच्या वाडीहून आणलेल्या बासुंदीचं पातेलं तिला चाटायला मिळालं होतं, हे मला त्या टेबलापाशी कळलं. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. आमची डोळे टक्क उघडे ठेवून पीत होती. मिटलेले होते ते देणाऱ्यांचे.

तेवढ्यात मी डबीत नेलेली शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाली आणि डॉक्टर म्हणाले, जिआर्डिया आहे, आतड्यातला सूक्ष्म परजीवी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो. गच्चीवरच्या कुंड्यांच्या ताटल्यांत पाणी पीत असेल. दुधाने भर घातली असेल, पण मूळ हे. सासूबाईंनी शेळीवरची नजर काढली आणि कितीतरी वेळाने श्वास सोडला. दर जुलाबाला आपण हे औषध देत नाही, बरेचसे आपोआप थांबतात, पण इथे द्यावं लागेल, असं सांगून त्यांनी लहान मुलांचं मेट्रोनिडाझोलचं पातळ औषध लिहून दिलं. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची पुडी, आणि एकदाच द्यायची जंतांची गोळी. किती मिली ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते वजनावर असतं, आणि वजन तिचं होतं, तुमच्या मांजराचं नव्हे. शेवटी खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सलाईन सोडलं. ठकीला उंटासारखं वशिंड आलं. ते डुगडुगत घरी आलं, संध्याकाळी एका पायाकडे सरकलं आणि रात्रीपर्यंत जिरून गेलं.

घरी आल्यावर मी ते औषध बोटाच्या टोकाला लावून चाटून पाहिलं. आधी गोड, संत्र्याच्या गोळीसारखं. मग दोन सेकंदांनी जिभेच्या मुळाशी काहीतरी उगवलं, गंजलेल्या नळाला तोंड लावल्यासारखं, आणि ते रात्री जेवेपर्यंत गेलं नाही.

आपलं सगळं औषधशास्त्र गोडावर उभं आहे असं मला त्या दिवशी वाटलं. सितोपलादी मधातून. सुंठ गुळाच्या गोळीत. एरंडेल घेतलं की हातावर साखर, आणि ती साखर दाखवल्याशिवाय एरंडेल नाहीच. माझी आजी तर काडेचिराइताच्या काढ्याचा पेला एका हातात आणि खडीसाखरेची डबी दुसऱ्या हातात धरून यायची. आम्ही डबीकडे बघत पेला संपवायचो. मन वळवायचं तेही आपण गोडीगुलाबीने वळवतो. आणि इथे असा प्राणी, ज्याला गोड नावाची चवच नाही. ही म्हणायची गोष्ट नव्हे, खरंच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये हे दाखवून दिलं: गोड ओळखणारा जिभेवरचा ग्राहक दोन भागांचा बनतो, त्यातल्या एका भागाचा जनुक मांजरात मोडलेला आहे. वाघ आणि चित्ता यांच्यातही तसाच. कडू मात्र त्यांना छान कळतं. म्हणजे कंपनीने लहान मुलांसाठी घातलेली साखर, तो संत्र्याचा वास, ती सगळी लाडीगोडी ठकीच्या जिभेवरून काहीच न घडता निघून जाते आणि खाली उरतो तो गंजलेला नळ, पहिल्या थेंबापासून.

मग ती बासुंदीचं पातेलं का चाटत होती? सायीसाठी. तिच्या लेखी ती बासुंदी नव्हतीच, आटवलेलं स्निग्ध दूध होतं. इतकी वर्षं एका वाटीतून आम्ही दोन वेगळे पदार्थ खात होतो.

मंगळवारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात कोंबडी आली. उकडलेली द्या म्हणाले, मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. मी एक्कावन्न वर्षांची झाले, पण त्या दुकानाची पायरी कधी चढले नव्हते, आणि पहिल्यांदा चढले ती श्रावणात. "किती किलो?" दुकानदाराने विचारलं. "पन्नास ग्रॅम," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे, माझ्या साडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मांजर आजारी आहे काय?" पैसे घेतले नाहीत त्याने. सासूबाईंनी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं बाल्कनीत काढून दिलं, त्याला विजेची शेगडी वेगळी, चमचा वेगळा, आणि नियम विचारून घेतले. कांदा नाही, लसूण नाही म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या.

"म्हणजे चातुर्मास पाळते म्हण की."

नाना पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चातुर्मासातली कोंबडी. एवढं बघायचं राहिलं होतं."

ठकीने ती खाल्ली. पहिल्यांदा थोडी, मग सगळी. मला तेवढ्यावर औषध सोपं जाईल असं वाटलं. त्याच कोंबडीच्या सुपात दोन थेंब मिसळून पाहिले. तिने वाटी हुंगली, आणि वाटीभोवतीची फरशी पुढच्या पंजाने उकरायला लागली, शी झाकतात तशी. वाळूच्या ट्रेत ती जे करते तेच माझ्या सुपाला. त्यानंतर दोन जेवणं तिने त्या वाटीतलं काही खाल्लं नाही. अन्नात औषध लपवायचं तर नेहमीच्या अन्नात कधीच नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. औषध फसलं तर फसलं, वर अन्नावरचा विश्वास जातो.

तिचं नाव मावशींनी ठकी ठेवलं ते लाकडी बाहुलीवरून, सावंतवाडीच्या. ठकणं हा अर्थ कुणाच्या मनात नव्हता. पण त्या आठवड्यात तो अर्थ रोज दोनदा लागू पडत होता, आणि दर वेळी ठकलो ते आम्ही.

गोळीचा प्रकार ऐका. डॉक्टरांनी दवाखान्यात करून दाखवलं होतं: डाव्या हाताने डोकं वरून धरायचं, अंगठा आणि बोट दोन्ही गालांच्या हाडांवर, नाक छताकडे. नाक वर गेलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तो उघडायचा, गोळी जिभेच्या अगदी मागे टाकायची, तोंड मिटायचं, गळा चोळायचा. जीभ बाहेर येऊन नाकावर फिरली की समजायचं, गिळली. लगेच चार-पाच मिली पाणी, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत चिकटून राहते आणि काही गोळ्या तिथे जखम करतात. त्यांना तीन सेकंद लागले होते. मला चाळीस मिनिटं. शेवटी नाकावर जीभ फिरली, मी जिंकल्यासारखी उठले, आणि दिवाणाखाली झाडू घातला तर गोळी तिथे, ओलसर, एका बाजूने विरघळलेली. तिच्याशेजारी आणखी एक गोळी होती. गुलाबी. ठकीच्या औषधांत गुलाबी काही नव्हतं.

मी नानांकडे पाहिलं. नानांनी पेपरचं पान उलटलं.

पातळ औषधाला दोघी लागायचो. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, असं सगळे सांगतात. पण टॉवेल जाड असतो, सुटतो, आणि त्यातून पहिल्यांदा एक पंजा येतो, मग सगळी मांजर. तिसऱ्या डोसाला सासूबाई कपाटातून माझ्या मुलाचं दुपटं घेऊन आल्या. जुन्या नऊवारीचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. फरशीवर चौकोन तिरका पसरला, वरचं टोक दुमडलं, ठकीला मधोमध ठेवलं, डावं टोक अंगावरून घेऊन पोटाखाली, खालचं वर, उजवं टोक घट्ट पाठीमागे. मी नुसती बघत राहिले. चार हालचाली, आणि ठकीचं फक्त डोकं बाहेर, चेहऱ्यावर न्हाऊन आलेल्या बाळाचा राग. मग एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाई दिवाणावर पाय सोडून बसल्या आणि ते गाठोडं त्यांनी आपल्या दोन्ही पायांच्या मधल्या खळग्यात ठेवलं. बाळाला तेल लावताना, न्हाऊ घालताना ठेवतात तसं.

"उताणी नको, आई," मी म्हटलं. डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं, मान मागे नको, पिचकारी सरळ घशात नको, औषध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. बाजूने, सुळ्याच्या मागच्या फटीतून, थेंब थेंब, तिला गिळायला वेळ देत.

"मग बोंडल्याने कसं पाजत होतो आम्ही? उताणंच की."

"ती बाळं होती."

"ठसका लागायचा," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "लागायचा खरा कधी कधी." आणि त्यांनी गाठोडं उभं केलं, पोटाशी टेकवून, हनुवटी फक्त तळहातावर धरून. ते धरणं कसं होतं ते मला सांगता येत नाही. मी धरायचे तेव्हा माझी सगळी ताकद बोटांत यायची. त्यांच्या हातात ताकद दिसतच नव्हती, आणि मांजर हलत नव्हती. मी सिरिंजचा दट्ट्या अगदी किंचित दाबला, थांबले, पुन्हा दाबला. घसा हलला. फेस आला, पण वाटीभर नाही, ओठाच्या कडेला मोत्यांसारखा बारीक. पुसला. पोटात गेलं. दहातला तिसरा, पण पूर्ण गेलेला पहिलाच.

पाजणं हे क्रियापद मला तेव्हापासून सोडत नाही. पिणं आपलं आपण, पाजणं दुसऱ्याने. बाळाला पाजतात, बैलांना ओढ्यावर पाजतात, शस्त्राला पाणी पाजतात, उपदेशाचे डोस पाजतात, आणि शत्रूला पाणी पाजतात म्हणजे त्याला हरवतात. एकाच शब्दात आई बसली आहे आणि पैलवानही. ठकीला त्यातला कोणता भाग कळत होता? औषध ही गोष्ट ज्याला 'यानं बरं वाटेल' असं सांगता येतं त्याच्यापुरतीच आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर दिवसातून दोनदा, काही कारण नसताना, घरातल्या दोन ओळखीच्या बायका तिला बांधून तिच्या तोंडात गंज ओतत होत्या. शुक्रवारपर्यंत पोट सुधारलं ते तिच्या हिशेबात याच्याशी जोडलं जाण्याची शक्यता नव्हती. मी मात्र रोज संध्याकाळी तिला समजावत होते, "अगं, तुझ्याच भल्यासाठी." नाना एकदा म्हणाले, हे वाक्य मला गोळी देताना म्हणतेस त्याच सुरात म्हणतेस.

तिने मला ओळखून ठेवलं होतं, मला म्हणजे बाटलीला. औषध द्यायच्या आधी बाटली हलवावी लागते. तो खळखळ आवाज झाला की ती मशीनमागे. म्हणून मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, बाटली हलवायला लागले. दोन दिवसांनी ती नळाच्या आवाजाला पळायला लागली. तेव्हा सासूबाईंनी एक वेगळाच प्रयोग केला. जिवाणूंच्या पुडीला चव नव्हती, ती त्यांनी थेंबभर सुपात कालवली आणि ते चाटण ठकीच्या पुढच्या पंजावर लावून दिलं. ठकीने पंजा झटकला, त्याच्याकडे अविश्वासाने पाहिलं, आणि मग आपलं अंग घाण राहिलेलं तिला बघवेना म्हणून सगळं चाटून स्वच्छ केलं. चाटण मधातूनच लागतं असं नाही. कडू औषधाला मात्र ही युक्ती चालली नाही; तो फेस तिने पंजावरून सासूबाईंच्या पातळावर पुसला.

रात्री ती येत असे. औषधानंतर तीन-चार तास पाठ फिरवून खिडकीत बसायची, शेपटी घट्ट अंगाभोवती. अकराच्या सुमाराला पावलांवर वजन यायचं. मी सुरुवातीला ते क्षमा वगैरे समजले आणि मला गहिवरून आलं. नंतर लक्षात आलं की माझे पाय आणि माझे हात या तिच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. पायांशी तिचं कधी काही बिनसलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी, आठव्या डोसानंतर तासाभराने, बाल्कनीतून सासूबाईंची हाक आली, "अगं बांधून झाली!" त्याच वेळी शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला दारात उभ्या होत्या. काय बांधून झालं ते त्यांना सांगावं की नाही हे मला ठरवता येईना. सासूबाईंनी हात धुतले, पदर सावरला, आणि वहिनींना कुंकू लावताना अगदी सहज सगळं सांगितलं, रंगासकट.

श्रावणातला शुक्रवार म्हणजे आमच्याकडे जिवती. भिंतीवर कागदी पट लावलेला, त्याला आघाडा-दुर्वांची माळ, पुरणाचे दिवे, दूध-साखर आणि फुटाणे. मुलं समोर असतील तर औक्षण करायचं, नसतील तर ती असतील त्या दिशेला अक्षता टाकायच्या. सासूबाईंचं एकही मूल आता या घरात आठवडाभर राहत नाही. त्यांनी पुण्याच्या दिशेला टाकल्या, मुलासाठी आणि तिथेच शिकणाऱ्या नातवासाठी. बेळगावच्या दिशेला, माझ्या नणंदेसाठी. उरलेल्या दोन दिशांनाही टाकल्या, कारण चारही दिशांना टाकतात. मग तबक खाली ठेवता ठेवता त्या थांबल्या, चिमटीत राहिलेले चार दाणे त्यांनी शिलाई मशीनच्या दिशेने टाकले.

पायट्यावर टिकटिक आवाज झाला. जरा वेळाने मशीनमागून एक कान दिसला, मग सगळी ठकी. तिने हळद लागलेला एक तांदूळ हुंगला, कान मागे घेतले, आणि चालत चालत जिवतीपुढे येऊन बसली, नैवेद्याच्या वाटीसमोर.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुधाच्या वाटीवर झाकण ठेवलं.